मून जार: दोन वाडगे जोडताना जार का फाटतो आणि कामाचा क्रम कसा हवा

कोरियन मून जार, म्हणजे तिकडचा दालहांगारी, हा चंद्रासारखा गोल, पांढरा पोर्सिलेनचा (चिनी मातीचा) जार चाकावर एका दमात उठवलेला नसतो. दोन मोठे वाडगे वेगवेगळे काढायचे, एक उपडा करून दुसऱ्यावर बसवायचा आणि मग वरच्याचा तळ कापून तोंड करायचं. ग्योंगी प्रांतातल्या ग्वांगजू, इचॉन, यॉजू भागातले आजचे कलाकारही याच रीतीने काम करतात. क्वॉन डे-सॉप पाइनच्या लाकडावर भाजतात, बरेच जण गॅसवर भाजतात. जोड मात्र सगळ्यांनाच द्यावा लागतो.

व्हिडिओ बघून करायला बसणारे बहुतेक जण सगळं लक्ष जोडण्याच्या त्या दोन मिनिटांवर ठेवतात. पण जोडाच्या जागी फाटलेला जार बहुधा जोडण्याच्या आधीच बिघडलेला असतो. काठ पातळ निघालेला, भिंत बाहेर पसरलेली, एक वाडगा ओला आणि दुसरा सुकलेला. म्हणून या लेखात जोडण्यापेक्षा त्याच्या आधीच्या दिवसांबद्दल जास्त लिहिलं आहे.

चार किलो मातीचा वाडगा चाकावर सहज निघत असेल तरच पुढे जा. निघत नसेल तर आधी तेवढे वाडगेच काढत राहा. पोर्सिलेनची माती चाकावर हट्टी असते. तिची सवय नसेल तर पहिला जार पांढऱ्या स्टोनवेअरचा करा. रीत तीच राहते.

## १. माप आणि साचा

भाजलेला जार किती मोठा हवा ते आधी ठरवा. पहिल्यासाठी 30 सेंटिमीटर पुरे. जुने जार 40 सेंटिमीटरच्या वर जातात, पण त्या मापाला चूक सहन होत नाही.

आता मातीचं आकुंचन मोजा. पाकिटावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. आपल्याच मातीची पट्टी करा, ओली असताना तिच्यावर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा आणि ज्या तापमानाला जार भाजणार त्याच तापमानाला ती भाजा. रेघ 8.7 सेंटिमीटर भरली तर आकुंचन 13 टक्के. पोर्सिलेन साधारण 12 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान आटतं.

इथे हिशेबाची एक चूक हमखास होते. 30 मध्ये 13 टक्के मिळवून 33.9 काढतात. खरं तर 30 ला 0.87 ने भागायचं, म्हणजे 34.5. लहान जारात फरक नगण्य आहे. 45 सेंटिमीटरच्या जारात तो जवळजवळ सेंटिमीटरभर होतो.

मग पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचं अर्धं चित्र काढून कापून घ्या. हा झाला साचा. काढताना तीन गोष्टी सांभाळा:

- पोटाजवळ, म्हणजे जिथे जोड येणार तिथे, भिंत काही अंतर अगदी उभी हवी.
- तळ तोंडाइतका किंवा त्याहून किंचित लहान ठेवा. मोठ्या तळामुळे जार जमिनीला चिकटून बसल्यासारखा दिसतो.
- उंची रुंदीपेक्षा जराशी जास्त धरा. चढ्या तापमानाला पोर्सिलेन मऊ पडतं आणि पोट थोडं खाली बसतं.

तपासा: ओल्या मापाचा जार तुमच्या भट्टीच्या दारातून आत जातो का? वर चार बोटं जागा उरते का? हे आत्ताच बघा.

## २. माती

दोन्ही वाडग्यांची माती एकाच गोळ्यातून, एकाच दिवशी मळून घ्या. 34.5 सेंटिमीटरच्या ओल्या जाराला खालच्या वाडग्यासाठी साडेचार ते पाच किलो आणि वरच्यासाठी चार ते साडेचार किलो माती लागते. खालच्याला जास्त अशासाठी की तळ जाड ठेवायचा असतो. गोळे वजन करूनच घ्या.

मळून झाल्यावर गोळा तारेने मधोमध कापून बघा. हवेचा एकही बुडबुडा दिसला तर परत मळा. भाजताना बुडबुड्याने जार फुटतो अशी भीती लोकांना असते, पण तिथे फोडते ती बहुधा आत राहिलेली ओल. बुडबुड्याचा खरा त्रास चाकावर होतो. भिंत तिथे डगमगते आणि काठ वाकडा होतो.

जोडाची स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली घट्ट माती, याच मातीची करा. याच मातीचे तुकडे पूर्ण सुकवून, फोडून, पाण्यात भिजत घाला आणि बारीक चाळणीतून गाळा. घट्टपणा श्रीखंडासारखा हवा. दुसऱ्या मातीची किंवा पातळ स्लिप वापरली की जोडाची रेघ बाकीच्या भिंतीपेक्षा जास्त आटते आणि तिथेच तडा जातो.

## ३. दोन वाडगे

दोन्ही वाडगे एकामागून एक काढा. आज एक आणि उद्या दुसरा असं केलंत तर चौथ्या टप्प्यात अडकाल.

आधी खालचा. गोळा मध्यावर आणा, उघडा आणि तळ रिबने (माती दाबायच्या, ओढायच्या पट्टीने) बाहेरून मध्याकडे व मध्यातून बाहेर नीट दाबून घ्या. हे दाबणं टाळलं की सुकताना तळाला वळणदार तडा पडतो आणि तो पुढे काही केल्या बुजत नाही. तळाची जाडी 15 मिलिमीटरच्या आसपास सोडा. नंतर छिलायची आहे.

भिंत उठवताना सुरुवातीला वाडगा हव्या त्या रुंदीपेक्षा अरुंद आणि उंच ठेवा, शेवटी आतून रिब लावून पोट काढा. आधीच पसरवलेली भिंत परत आत घेता येत नाही. घेतली तर सुरकुत्या पडतात. भिंत 8 मिलिमीटर, काठ 10 ते 12 मिलिमीटर. काठ जाड ठेवायला बोट कचरतं, कारण वाडगा काढताना काठ बारीक करायची हाताला सवय झालेली असते. इथे ती सवय सोडावी लागते.

काठ सपाट हवा आणि काठाखालची तीन-चार सेंटिमीटर भिंत उभी हवी. साचा लावून बघा. भिंत काठापाशी बाहेर कलली असेल तर जोडल्यावर जाराच्या कमरेला धार येते. तीच धार हवी असेल तर गोष्ट वेगळी. जर्मनीत एसेन इथे काम करणाऱ्या कोरियन कलाकार यंग-जे ली यांच्या चातीच्या आकाराच्या फुलदाण्याही दोन वाडगे जोडूनच होतात आणि त्यांची कंबर स्पष्ट दिसते. पण त्या तशाच ठरवून केलेल्या असतात. मून जार करायला बसून कमरेला धार आली तर ती चूकच.

वाडगा झाला की काठाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने घ्या, कॅलिपर तसाच घट्ट करून बाजूला ठेवा आणि वरचा वाडगा त्याच मापाला काढा. वरच्याचा तळ 10 मिलिमीटर पुरे, कारण तो बहुतेक कापूनच जाणार. दोन्ही वाडगे बॅटवरून, म्हणजे चाकावर बसवलेल्या सपाट फळीवरून, उचलू नका. बॅटसकट बाजूला ठेवा.

तपासा: दोन्ही काठांचे व्यास, दोन्ही काठांची जाडी आणि दोन्हींना साचा. व्यासात 2–3 मिलिमीटर फरक चालतो. 5 च्या वर गेला तर लहान वाडग्याचा काठ ओला असतानाच चाक हळू फिरवत थोडा बाहेर घ्या.

## ४. वाट बघणं: सगळ्यात जास्त जार इथेच जातात

ओल्या मातीला ओली माती जोडली तर भिंत खाली बसते. सुकीला ओली जोडली तर जोड फाटतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी जोडताना दोन्ही वाडगे अंदाजानेच घेतले जातात.

अडचण अशी की वाडगा सगळीकडून सारखा सुकत नाही. काठाला दोन्ही बाजूंनी हवा लागते, तळ बॅटला चिकटलेला असतो. तळ लेदर-हार्ड (चामड्यासारखा कडक, पण अजून ओलसर) होईपर्यंत काठ सुकून फिका पडतो. म्हणून वाडगे काढल्यावर तासाभरात काठावरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळा आणि पोट व तळ उघडे ठेवा. आपल्याला हवं ते असं: खालच्या वाडग्याचा खालचा अर्धा भाग कडक, वजन पेलेल इतका, दोन्ही काठ मात्र सारखेच मऊ.

बोटाने दाबून बघणं पुरेसं नाही, पण सुरुवात तिथूनच करा. काठाला बोट दाबलं तर हलका ठसा उमटावा, पण पोटाला तळव्याने रेटलं तर भिंत हलू नये. त्यासोबत वजनाची युक्ती वापरा. रिकाम्या बॅटचं वजन आधी लिहून ठेवा. वाडगा काढल्यावर बॅटसकट वजन करा आणि मग दर काही तासांनी करत राहा. दोन्ही वाडग्यांनी आपल्या वजनाचे सारखेच टक्के पाणी गमावलं असेल तर दोघे बरोबरीने सुकत आहेत. एक पुढे गेला तर त्याला झाका, दुसऱ्याला उघडा. वजनकाटा हातापेक्षा खरं सांगतो, हे मानायला कुंभाराला जड जातं, तरीही.

हवेचा हिशेब आपापल्या गावाचा. मे महिन्यात नागपुरात पंखा न लावता हे काम एका दुपारीत होईल. जुलैमध्ये रत्नागिरीत दोन दिवसही लागतील. कोरियातही उन्हाळ्यात जांग्माचा, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचा, पाऊस असतो, त्यामुळे दमट हवेत झाकाझाकीचं हे गणित तिकडेही करावंच लागतं.

सावध: घाई म्हणून काठाला हेअर ड्रायर लावू नका. वरची साल सुकते, आत ओल तशीच राहते आणि हाताला दोन्ही वाडगे सारखे वाटतात.

## ५. जोडणं

आता साहित्य हाताशी मांडा, कारण मध्येच उठता येणार नाही: स्लिप, दातेरी रिब किंवा काटा, लाकडी थापी, मऊ मातीची करंगळीएवढी जाड, लांब वळी, लांब दांड्याची पळी, तार आणि ओला स्पंज. वरचा वाडगा उपडा करताना दोन माणसं असलेली बरी.

क्रम असा:

1. खालचा वाडगा बॅटसकट चाकावर नेमका मध्यावर बसवा. चाक फिरवून काठ डगमगतो का बघा. डगमगत असेल तर सुईने काठ सपाट कापा.
2. दोन्ही काठांवर आडव्या-उभ्या खोल रेघा ओढा. वरवर ओरखडे काढून भागत नाही.
3. दोन्ही काठांना स्लिप लावा, मिनिटभर मुरू द्या, परत लावा.
4. वरचा वाडगा बॅटसकट उपडा करून खालच्यावर टेकवा. चाक हळू फिरवत चारही बाजूंनी काठाला काठ जुळतो का ते बोटाने चाचपा. अजून दाबू नका. सरकवायचं असेल तर ते आत्ताच.
5. जुळला की बॅटवरून सरळ खाली दाब द्या. स्लिप सगळीकडून सारखी बाहेर आली पाहिजे. एखाद्या जागी आलीच नाही तर तिथे पोकळी आहे. उचला आणि परत करा.
6. वरची बॅट तारेने कापून काढा.

या घडीला जार सगळीकडून बंद आहे आणि आत हवा कोंडलेली आहे. ती तुमच्या उपयोगाची आहे. आतून हाताचा आधार नसतानाही भिंत त्या हवेवर तोलून राहते, म्हणून जोड बाहेरून थापायचं काम आत्ताच उरका. चाक हळू फिरवत थापीने हलके, जवळजवळ ठोके द्या. मग रिबने जोडाच्या वरून खाली आणि खालून वर माती ओढून रेघ मिटवा. बरेच जण घाईने आधी तोंड कापतात आणि मग बाहेरून थापतात. तेव्हा भिंत आत दबते.

सावध: थापून झाल्यावर जार बंद ठेवून जेवायला जाऊ नका. माती आटते, हवा आटत नाही. वरच्या मध्याला सुईने भोक पाडा.

तासाभराने तोंड कापा. ओल्या मापाला 13–14 सेंटिमीटर, म्हणजे तुमचा हात आत जाईल एवढं. आता आतल्या जोडावर मऊ मातीची वळी गोल फिरवून बसवा आणि बाहेरून तळव्याचा आधार देत पळीच्या पाठीने घोटून घ्या. हे काम दिसत नाही म्हणून टाळलं जातं. भाजताना उघडणारे जोड बरेचदा आतूनच उघडायला सुरुवात करतात.

शेवटी तोंडाचा काठ. कापलेल्या कडेवर रेघा, स्लिप, एक वळी आणि चाकावर अगदी थोड्या पाण्यात उभा, आखूड काठ काढा. काठ जितका साधा तितका बरा.

जोड पूर्ण अदृश्य करायच्या मागे लागू नका. पोटावर जोडाची किंचित जाणीव आणि थोडा वाकडेपणा हे मून जारचं रूपच आहे. पण मुद्दाम वाकवलेला जार लगेच ओळखू येतो, आणि तो वाईट दिसतो. तुम्ही सरळच करा. भट्टी तिचं काम करतेच.

## ६. छिलणं

जार एक-दोन दिवस झाकून ठेवा, म्हणजे जोडाची ओल आणि भिंतीची ओल एक होईल. मग तोंडावर उपडा करायचा. पण नुसता काठावर उभा करू नका, तो मुडपेल. जाड मातीचं कडं चाकावर काढून लेदर-हार्ड करून ठेवा आणि जाराचा खांदा त्यात टेकवा. काठ हवेत राहिला पाहिजे.

तळाजवळ आधारासाठी सोडलेली जादा माती आता काढा आणि पायाचं कडं कोरा. पोटापर्यंत छिलत येऊ नका. जोडाच्या दोन्ही बाजूंना चार बोटं जागेला हत्यार लावायचं नाही. भिंत किती जाड उरली हे बोटाने टिचकी मारून ऐका. बोदा आवाज म्हणजे अजून जाड.

## ७. सुकवणं

दोन ते तीन आठवडे. सुरुवातीला पूर्ण प्लॅस्टिकखाली, मग रोज थोडं उघडं. तोंडावर वर्तमानपत्र ठेवा, कारण काठ सगळ्यात आधी सुकतो. वाऱ्याच्या झोतात एकच बाजू येत असेल तर रोज पाव फेरा फिरवा.

तपासा: पूर्ण सुकल्यावर जोडावरून ब्रशने स्पिरिट फिरवा. ते भर्रकन उडून जातं, पण बारीक भेग असेल तर तिथे काळी रेघ थोडा वेळ टिकते. जवळ ज्योत नको. भेग सापडली तर तो जार भिजत घाला, माती परत मिळेल. सुकलेल्या भेगेत स्लिप भरण्याचा उपयोग होत नाही. ती भट्टीत परत उघडते.

सुकलेली पोर्सिलेन कागदाने घासायची असेल तर मास्क लावूनच. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या स्पंजने पुसणं त्याहून चांगलं.

## ८. पहिली भाजणी

भट्टी 80–90 अंशांवर रात्रभर धरा. पुढे 600 पर्यंत तासाला 60 ते 80 अंश, 573 च्या आसपास जरा जास्तच सावकाश, कारण तिथे मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं. मग 950 ते 1000 पर्यंत. थंड होतानाही 573 येतंच. भट्टीचं दार फटभर उघडून बघण्याचा मोह तेव्हा आवरा.

## ९. ग्लेझ

साधं पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, पुरेसं आहे: पोटॅश फेल्डस्पार 40, क्वार्ट्झ 30, व्हायटिंग (खडूची भुकटी) 20, चायना क्ले 10. हे कोन 10 ला, म्हणजे 1285 ते 1300 अंशांना, वितळतं. रंग घालू नका. कच्च्या मालातलं किंचित लोहच ऑक्सिजन कमी असलेल्या भट्टीत निळसर पांढरा देतं. विजेच्या भट्टीत तो रंग येणार नाही, तिथे उबदार दुधी पांढरा येईल आणि तोही छान दिसतो. रसायनं घालून निळा आणायला गेलात तर बाथरूमच्या फरशीचा रंग मिळेल.

आतून आधी ग्लेझ ओता, फिरवा, रिकामं करा. मग एक दिवस थांबा. आतल्या पाण्याने भिंत ओली झालेली असते. त्याच दिवशी बाहेरून लावलं तर ग्लेझ धरत नाही, नंतर सालासारखं सुटतं. फक्त बाहेरून ग्लेझ लावून आत कोरं ठेवणंही नको, दोन बाजूंना वेगळा ताण येतो. पायाचं कडं स्वच्छ पुसा.

## १०. दुसरी भाजणी

जार सरळ शेल्फवर ठेवू नका. याच मातीची, जारासोबतच कच्ची भाजलेली पातळ चकती करा, तिच्यावर ॲल्युमिनाची भुकटी पसरा आणि त्यावर जार ठेवा. जारासोबत चकतीही आटते, त्यामुळे पायाला ओढ बसत नाही. ती न ठेवल्याने पाय वाकडे झालेले जार स्टुडिओच्या कोपऱ्यात नेहमी दिसतात.

कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे सुळके, दोन जागी ठेवा, एक पायाच्या उंचीला, एक खांद्याच्या. मोठ्या जाराच्या वर-खाली तापमानात चांगलाच फरक पडतो. गॅसवर साधारण 950 ला रिडक्शन (भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवणं) सुरू करा आणि कोन 10 पडेपर्यंत, म्हणजे 1285 ते 1300 अंशांपर्यंत, सौम्य ठेवा. काळा धूर म्हणजे चांगलं रिडक्शन नव्हे. खोलीत हवा खेळती हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भट्टी 100 च्या खाली गेल्याशिवाय उघडू नका.

## ११. काय ठेवायचं, काय फोडायचं

जार बाहेर आला की आधी दिसणं बाजूला ठेवा. पाणी भरा, वर्तमानपत्रावर ठेवा, रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी पोटाच्या रेघेवर ओल दिसली तर जोडात भेग आहे. तळाखालचा कागद भिजला तर तळाला.

थोडा कललेला, पोटाकडे बसलेला, एका बाजूला फुगलेला जार ठेवा. पाणी गळणारा, पाय डगमगणारा, ग्लेझ सुटलेला जार विकू नका, भेटही देऊ नका. कोरियात असे जार कुंभार स्वतःच फोडतात. सोलमधल्या यी सू-क्यंग 2002 पासून तशाच फेकलेल्या खापरांना इपॉक्सी आणि सोन्याच्या वर्खाने जोडून फुगीर, ओबडधोबड शिल्पं करत आल्या आहेत. तुम्हालाही तो मोह होईल, पण ते वेगळं काम आहे. त्यात खापरांनाच नवा आकार दिला जातो, फुटका मून जार दुरुस्त होत नाही.

फोडायच्या आधी मात्र तुकडा जपा. जोडाच्या जागेवरून आडवा फुटेल असा जार फोडा आणि कडा बघा. दोन मातींमध्ये वेगळी रेघ दिसत असेल तर स्लिप पातळ होती किंवा एक काठ सुकलेला होता. रेघ फक्त आतल्या बाजूला असेल तर वळी नीट घोटली गेली नव्हती. भिंत सलग दिसत असेल आणि तरी तडा गेला असेल, तर सुकवणं किंवा भट्टी तपासा.